एका एल्बोपायी तीन रविवार

हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर घरी आला तेव्हा त्याच्यासोबत एकच रबरी होज होता आणि तो कायम पायात यायचा. म्हणून भिंतीवरून हवेची पक्की लाइन टाकायची आणि तीन ठिकाणी कपलर, म्हणजे अवजार झटकन जोडायची तोंडं, काढायचे, एवढाच बेत होता. एका दिवसाचं काम. तीन रविवार गेले, त्यातले अडीच एका एल्बोपायी, म्हणजे पाइप काटकोनात वळवणाऱ्या एका जोडापायी.

सुरुवातीला पीव्हीसीच डोळ्यांसमोर होता. हलका, सोल्युशन लावलं की जोड तयार, आणि पाइपवर छापलेला दाबाचा आकडा माझ्या कॉम्प्रेसरच्या दाबापेक्षा मोठा. पण तो आकडा पाण्याचा असतो, तोही गार पाण्याचा. पाण्याची लाइन फुटली तर थोडं पाणी उडतं आणि दाब जागच्या जागी संपतो. 8 बारला (बार हे दाबाचं माप) कोंडलेली हवा सुटली की जवळजवळ नऊपट फुगते, आणि पीव्हीसीच्या धारदार चिपा करून त्या खोलीभर फेकते. कॉम्प्रेसरच्या हेडमधून, म्हणजे हवा दाबली जाते त्या भागातून, निघणारी हवा शंभर अंशांच्या वर असते. 60 अंशांनाच पीव्हीसीची दाब सोसायची ताकद पावभर उरते. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेनं 1988 सालीच जमिनीत न पुरलेल्या हवेच्या लाइनला पीव्हीसी नको म्हणून बजावलं होतं. तरी ‘आमच्याकडे दहा वर्षं चाललाय’ हे मला निदान चौघांनी ऐकवलं. दहा वर्षांत तो आणखी ठिसूळ झाला असणार, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला.

तांबं उत्तम, गंजत नाही, पण माझं सोल्डरिंग बघवत नाही. अॅल्युमिनियमच्या तयार लाइनचे जोड हातानं आवळता येतात, पण खिसा तयार नव्हता. शेवटी अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, घेतला. खरं कारण सांगू? आटे पाडायची डाय घरात पडून होती आणि ती वापरायची हौस होती.

पहिल्या रविवारी संध्याकाळी लाइन उभी राहिली. कॉम्प्रेसर 8 बारवर बंद झाला, मी कपलरला एअर गन लावून उगाच दोनदा फुस्स केलं आणि झोपायला गेलो. रात्री दोन वाजता कॉम्प्रेसर आपोआप धडधडायला लागला. सगळं घर जागं. बटण बंद केलं, तर सकाळी काटा शून्यावर.

मग सुरू झालं साबणाचं पाणी. ब्रश घेऊन एकेक जोड फेसानं माखायचा आणि टॉर्च मारून बघत बसायचं. कोपऱ्यातल्या एल्बोवर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर यायचे. एल्बो आवळायला गेलो तर त्याचं तोंड भिंतीत जाणार, कारण पुढचा पाइप खाली उतरत होता. आणि लाइनमध्ये एकही युनियन, म्हणजे पाइप न फिरवता मधेच उघडता येणारा जोड, नव्हती! म्हणजे तो एल्बो फिरवायचा तर शेवटच्या कपलरपासून उलटं सोडवत यायचं. मी सोडवलं. आट्यांवर गुंडाळलेली टेप बदलली, जास्त वेढे दिले, परत जोडलं. परत बुडबुडे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, आता टेपवर सफेदाही (प्लंबर जोडाला लावतात ती पांढरी पेस्ट). परत बुडबुडे, त्याच जागी.

शेवटी एका जुन्या फिटरकाकांना बोलावलं. त्यांनी पाइपला हातसुद्धा लावला नाही.

“जुळवायला मागे फिरवलास का रे?”

फिरवला होता. एल्बो पुरता घट्ट झाला तेव्हा तोंड जरा पुढे गेलं होतं, म्हणून दरवेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा मागे घेऊन सरळ केला होता. हे आटे निमुळते असतात, पुढे जाताना टेप त्यांच्यात चेपते. मागे घेतलं की ती फाटते, आणि वाट मोकळी. तोंड पुढे गेलंच तर जोड उघडायचा, नवी टेप, आणि पुन्हा पुढेच न्यायचा. पाण्याला चालून जातं, हवेला नाही. त्याच दिवशी दोन युनियन आणून घातल्या.

एल्बोवरचे बुडबुडे थांबले तरी काटा उतरायचाच. टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह होता, तो मी एकदाही बंद करून पाहिला नव्हता. ते पहिल्याच रात्री करायला हवं होतं: व्हॉल्व्ह बंद, आणि टाकीचा काटा पडतो की लाइनचा ते बघायचं. लाइनचा पडला. दोषी निघाला तिसरा कपलर, अगदी नवाकोरा. बदलला आणि संपलं. टाकी भरल्या-भरल्या नुसता काटा वाचून घाबरू नका. हवा 50 अंशांवरून 30 वर आली की गळतीशिवायही अर्धा बार कमी दिसतो. गार झाल्यावरचा आकडा धरा.

दाबलेली हवा गार झाली की तिच्यातल्या वाफेचं लाइनमध्ये पाणी होतं, त्याचं राहिलंच. लाइनला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या. खाली येणारा प्रत्येक फाटा मुख्य पाइपच्या वरच्या अंगानं काढून वळवा, म्हणजे तळाचं पाणी त्यात उतरत नाही. मुख्य पाइपच्या सर्वांत खालच्या टोकाला पाणी सोडायचा ड्रेन कॉक. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका, हवा तिथे गरमच असते आणि वाफ तशीच पुढे जाते. तो अवजाराजवळ हवा. माझा आधी चुकीच्या जागी होता, रंगकामात डाग उमटले तेव्हा कळलं. जीआयचा जस्ताचा पापुद्राही तोच फिल्टर अडवतो. पुन्हा लाइन टाकली तर जीआयच्या वाटेला जाणार नाही, हवेसाठीचाच अॅल्युमिनियम घेईन, पैसे साठवून.

टाकी आणि लाइन यांच्यामध्ये मात्र कडक पाइप नाही. कॉम्प्रेसर थरथरतो, जोड ढिले होतात. तिथे तोच पायात येणारा होज कापून लावलाय.