दिवाणजींची वही

“पट्टी काढली की मरतंय बघा.”

मार्केट यार्डातल्या एका दुकानाच्या दिवाणजींनी तिथल्या कॉम्प्युटरबद्दल हे मला पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीच्या हिशेबाचा कागद. मी मात्र जॉब कार्डावर ‘काम करताना बंद पडतो’ एवढं लिहून मोकळा झालो. ‘पट्टी’ हा शब्द मी गाळला आणि त्या एका शब्दापायी माझे पाच दिवस गेले.

गोष्ट 2025 च्या मार्चमधली. सांगलीत मारुती चौकाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. भिंतीवर 2005, 2019 आणि 2021 अशा तीन पुरांच्या खुणा आहेत. त्यातली 2019 ची खूण माझ्या डोक्याच्या वर आहे, म्हणून महागाचा माल मी आजही माळ्यावरच ठेवतो. वसंतदादा मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातून हा सीपीयू आला. मालकांचा मुलगा गाडीवर पुढ्यात धरून घेऊन आला होता. आधी दुसऱ्या एका दुकानात एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बदलून झाला होता, रॅम बदलून झाली होती, त्यात साडेतीन हजार गेले होते. तिसऱ्या फेरीला तिथे सांगितलं, मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या. नव्याचं कोटेशन 46,000 चं. ते बघून अण्णांनी, म्हणजे मालकांनी, सीपीयू माझ्याकडे धाडला.

डबा उघडला आणि आत सगळं पिवळं. प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पाकळ्यांत हळदीची पूड इतकी घट्ट बसली होती की पंखा फिरत होता, पण वारा आरपार जायला जागाच नव्हती. ब्लोअर लावला तर अख्ख्या दुकानात पिवळा ढग. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायकोने विचारलं, “कुणाच्या हळदीला जाऊन आलात?”

मशीन 2014 चं. चौथ्या पिढीचा आय-थ्री, डीडीआर-थ्री रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. म्हातारं होतं, पण धडधाकट. एक दोष लगेच सापडला. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर 2032. तो 3 व्होल्टचा असतो, याचा मीटरवर 1.1 दाखवत होता. हा सेल मेला की वीज तुटताच मशीन तारीख विसरतं. तारीख चुकली की ब्राउझर जीएसटीची साइट उघडायलाच तयार होत नाही, कारण त्याच्या हिशेबाने साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. लोक मग इंटरनेटवाल्याला शिव्या देतात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनच्या घडामोडींच्या नोंदवहीत, बघितलं. कर्नल-पॉवर, क्रमांक 41, ओळीने कितीतरी नोंदी. ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता अचानक गेलं. का गेलं, ते सांगत नाही. निदान केव्हा गेलं ते तरी कळावं, तर तेही नाही. सेल मेल्यामुळे प्रत्येक नोंदीवर तारीख एकच, 1 जानेवारी 2014, रात्री बारा वाजून दोन-तीन मिनिटं. मशीन जितक्या वेळा मेलं तितक्या वेळा त्याच रात्री मेलं.

सेल बदलला, साफसफाई केली, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली आणि मशीन दोन दिवस सलग ताणून चालवलं. काही झालं नाही. 540 रुपये घेतले, वर “आता काळजी नको” असंही म्हणालो. दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन. “परत मेलंय.”

इथे एक कबुली देतो. माझ्याकडे त्याच जातीचा एक जुना बोर्ड पडून होता, तपासलेला. अडीच-तीन हजाराला सहज खपला असता. दोन दुकानांनी बोर्डावर बोट ठेवलं असतं तर अण्णांनी एका शब्दाने विचारलं नसतं. बोर्ड पिशवीत घातलासुद्धा. मग वाटलं, माझ्याकडे दोन दिवस चाललेलं मशीन तिथे दोन तासांत मरतं, तर मशीन तेच आहे, जागा वेगळी आहे. एकदा जागेवर जाऊन बघू. तारीख 19 मार्च होती आणि 20 ला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं, त्यामुळे अण्णांचा आवाजही जरा चढलेला होता.

यार्डात हंगाम ऐन भरात. पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ये-जा, बाहेर सौदे चाललेले. अण्णा गादीवर, दिवाणजी कोपऱ्यातल्या लाकडी टेबलाशी. सीपीयू टेबलाच्या खणात, खाली गोणपाटाच्या तुकड्यावर यूपीएस, बाजूला नवाकोरा लेझर प्रिंटर. मी स्टूल ओढून बसलो. तासभर काही म्हणता काही झालं नाही. दोन चहा झाले. मशीनही लबाड असतं, डॉक्टर आला की दुखणं पळतं.

त्या तासात अण्णांच्या मुलाने मोबाइल काढला. त्याला काचेचा, आत रंगीत दिवे लागणारा डबा हवा होता. त्यात वाईट काही नाही, पण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि पट्ट्या त्या दिव्यांनी जलद चालत नाहीत. दुसरी एक जाहिरात दाखवून म्हणाला, “काका, हा बघा की, आय-सेव्हन आहे, 16 जीबी रॅम, मॉनिटरसकट साडेचौदा हजार. ते 46 कशाला?”

मी म्हटलं, कुठला आय-सेव्हन? त्याने मोठं करून दाखवलं, 2600.

हा खेळ मी रोज बघतो. आय-सेव्हन 2600 हा 2011 चा प्रोसेसर. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला, नव्या स्वस्त बोर्डावर बसवलेला, बाहेरून चकचकीत. 2022 मधला साधा आय-थ्री 12100 त्याला सहज मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे नुसतं आडनाव झालं. पिढी पुढच्या आकड्यात असते. 2600 मधला 2 म्हणजे दुसरी पिढी, 12100 मधले 12 म्हणजे बारावी.

अण्णा गादीवरून ऐकत होते. मी म्हटलं, “अण्णा, कुणी नुसतं राजापुरी म्हणून हळकुंड पुढे टाकलं तर तुम्ही घेता का? कुठल्या सालचं ते विचारता की नाही?”

“साल तर विचारतोच,” अण्णा म्हणाले, “आणि मोडूनबी बघतो.” मुलाने मोबाइल खिशात टाकला.

पण त्याच्या एका मुद्द्यात दम होता. “काका, ऑक्टोबरात विंडोज 10 बंद होणार ना?” बरोबर होतं. 14 ऑक्टोबर 2025 ही मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली तारीख. त्यानंतर मशीन चालू राहतं, पण सुरक्षेची दुरुस्ती फुकट येत राहील याचा भरवसा नाही, आणि बँकेचं, जीएसटीचं काम करणाऱ्या मशीनला ते परवडत नाही. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. यांचं मशीन चौथ्या पिढीचं. म्हणजे नवं घ्यायचं होतंच, प्रश्न कधी एवढाच होता.

मी माझा हिशेब सांगितला. आज खर्च करायचा तर अशाच भागावर करायचा, जो उद्या नव्या डब्यातही बसेल. 240 जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी जलद डिस्क, तेव्हा सोळाशेला यायची. आज जुन्या मशीनला लावली तर चालू व्हायला लागणारी तीन मिनिटं अर्ध्या मिनिटावर येतील, उद्या काढून नव्याला लावता येईल. डीडीआर-थ्री रॅम मात्र नव्या बोर्डात बसत नाही, तिच्यात आता एक रुपया घालू नका. जुनी हार्डडिस्क फेकायची नाही, तिला बाहेरून यूएसबीचा डबा लावायचा आणि टॅलीचा बॅकअप तिच्यावर घ्यायचा. बॅकअपचा पेनड्राइव्ह मी मागून बघितला होता. शेवटचा बॅकअप दिवाळीतल्या पाडव्याचा होता.

नवं कधी, तर म्हटलं दिवाळीला घ्या, घाई नको. (हा सल्ला पुढे थोडा अंगाशी आला. 2025 च्या अखेरीला रॅमचे भाव असे चढले की विचारू नका. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरातला माल उचलायला सुरुवात केली होती. अण्णांनी त्या दिवसांत फोन करून सुनावलं, “भाव वाढणार हे तुला कळायला नको? स्टॉक करून ठेवायचा होता.” व्यापाऱ्याच्या दृष्टीने चूक माझीच.)

एवढ्यात पलूसकडचे एक शेतकरी आत आले. सौदा झाला होता, वजन झालं होतं, पट्टी हवी होती. दिवाणजींनी चष्मा पुसला, आकडे भरले आणि प्रिंट दिली.

प्रिंटर घुरघुरला. डोक्यावरचा बल्ब मिचकला, पंखा क्षणभर मंदावला. टेबलाखाली टक् असा बारीक आवाज झाला आणि स्क्रीन काळी. प्रिंटरमध्ये कागद अर्धा.

“मेलं,” दिवाणजी शांतपणे म्हणाले. खण ओढला, एक दोनशेपानी वही काढली, घड्याळात बघितलं आणि लिहिलं. मग वाकून खालचं बटण दाबलं आणि नंतर सीपीयूचं.

खालचं बटण यूपीएसचं होतं. मशीन चालू करायला दोन बटणं दाबावी लागतात, हे मला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मी वही मागितली. निळ्या शाईत, रेघा मारून, दीड महिन्याच्या नोंदी. ‘11.40, पट्टी, बंद. 11.52, पट्टी, निघाली. 11.58, निघाली. 2.10, जेवणानंतरची पहिली, बंद. 2.16, निघाली.’ पानभर तसंच. सलग पट्ट्या निघाल्या तर बंद पडत नाही, मध्ये खंड पडला की पहिलीच पट्टी मशीन घेऊन जाते. विंडोजला जे 1 जानेवारी 2014 च्या पलीकडे सांगता आलं नव्हतं, ते इथे मिनिटासकट होतं.

“दिवाणजी, हे आधी का नाही दाखवलंत?”

“सांगितलं हुतं की वो पयल्याच दिवशी. पट्टी काढली की मरतंय. धाकल्या मालकास्नी सांगितलं, त्या आधीच्या पोरालाबी सांगितलं. सगळी हसली.”

मीही फोनवर हसलो होतो. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

झालं होतं ते असं. लेझर प्रिंटरमध्ये शाईची पूड कागदावर वितळवणारा एक तापता रोलर असतो, फ्यूजर. त्याला दोनशे अंशांच्या आसपास जावं लागतं. थंड असेल तर त्या पहिल्या काही क्षणांत तो भसकन वीज ओढतो. यूपीएस 600 व्हीएचा, म्हणजे खरं ओझं साडेतीनशे वॅटच्या आसपासचं. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून शंभर वॅटसुद्धा खात नाहीत. प्रिंटर एकटा त्या यूपीएसची ऐपत ओलांडत होता. पूर्वीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कितीही कर्कश असला तरी वीज चिमूटभर खायचा. दिवाळीत तो माळ्यावर गेला, लेझर आला, आणि लाइट गेली तरी पट्टी थांबू नये म्हणून मुलाने तोही यूपीएसलाच जोडला. दिवाळी ते जानेवारी पट्ट्याच कमी, म्हणून कळलं नाही. हंगाम सुरू झाला आणि रोज रडगाणं.

त्यात एक्स्टेन्शन बोर्डाचं एक भोक काळवंडलेलं, पिन आत ढिली. फ्यूजर तापताना व्होल्टेज आणखी खाली जायचं, यूपीएसला वाटायचं लाइट गेली, ते बॅटरीवर उडी मारायचं. बॅटरीत जीव होता का बघायला मी यूपीएसची पिन भिंतीतून उपसली. मशीन तत्काळ बंद. उघडून बघितली तर 12 व्होल्ट, 7 अँपिअर अवरची बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली. अशी बॅटरी दोन-तीन वर्षं चालते, ही पाच वर्षांची होती. तो यूपीएस दुरुस्तीला कधी कुणी आणलाच नव्हता. कॉम्प्युटर आणा म्हटलं की लोक डबा तेवढा आणतात.

पहिला इलाज फुकट होता. प्रिंटरची पिन यूपीएसमधून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली. प्रिंटर गार होईपर्यंत वीस मिनिटं थांबलो, तिसरा चहा झाला. तोवर मुलगा गाडीवर जाऊन नवी बॅटरी आणि चांगला एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या आणि प्रिंटरला वेगळा पॉइंट काढून घ्या, हेही सांगितलं.

बिल करताना अण्णांनी विचारलं, किती? बॅटरी 950, बोर्ड 280, येण्याचे तीनशे. आधीच्या 540 मधला सेल तेवढा खरा होता, पेस्ट आणि सफाईने यांचं दुखणं गेलं नव्हतं, म्हणून येण्याचे तीनशे मी सोडले. अण्णांनी 1,230 मोजून दिले आणि वर पावशेर हळदपूड. मुलगा जरा हिरमुसला होता. 46,000 चा डबा दिवाळीपर्यंत लांबला होता.

दिवाणजींनी पुन्हा प्रिंट दिली. बल्ब किंचित मिचकला, पण टेबलाखालून आवाज आला नाही. कागद सरसरत बाहेर आला. वहीत त्यांनी लिहिलं, ‘1.25, पहिली, निघाली.’

पलूसच्या पाहुण्यांनी पट्टी हातात घेतली, लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचली, आणि अण्णांकडे वळून म्हणाले, “हमाली जास्त लावलीय की वो.”