कशेळीचा हत्ती आणि भाच्याचा प्रश्न

आज भाच्याला घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, गेलो. ऊन मी म्हणत होतं. प्राचीन माणसांनी कातळावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब, त्याच्या पोटात मासे, जनावरं दाटीवाटीने. दोन फेऱ्या मारून भाचा म्हणाला, "मामा, यात लढाई कुठाय?"

मलाही दिसली नाही. पण चित्रात नाही म्हणजे ते कोरणाऱ्यांच्या आयुष्यात नव्हती असं थोडंच? आपल्या घरच्या अल्बममध्ये तरी बांधावरची भांडणं कुठे असतात!

सुदानमध्ये जेबेल सहाबाला १३ हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली. २०२१ मध्ये तिथल्या ६१ सांगाड्यांची पुन्हा तपासणी छापून आली, त्यात ४१ जणांच्या हाडांवर जखमा. काहींच्या भरून आलेल्या आणि न भरलेल्या, दोन्ही. म्हणजे हल्ले एकदाच नव्हे, पुन्हापुन्हा झाले. त्याआधी मात्र एखाददुसऱ्या खुनाच्या खुणा मिळतात, टोळीने टोळीवर चालून गेल्याचे पुरावे फार तुटपुंजे. म्हणून 'माणूस पहिल्यापासून लढतच आला' हे पारावरचं ठाम वाक्य मला पटत नाही.

हे सगळं सांगेपर्यंत भाचा हत्तीच्या पोटातले मासे मोजायला पळालासुद्धा. अकरावर गाडी अडली, मग परत पहिल्यापासून.