कापसाच्या खोलीत १० मीटर : कॉम्पॅक्ट पिस्तुलाचे पहिले दोन महिने

पेरणी आटोपली, डवरणीला अजून आठ-दहा दिवस आहेत. तेवढ्यात मे महिन्यापासूनच्या नोंदी एकत्र मांडून घेतो.

पिस्तूल स्टायरचं इव्हो १० कॉम्पॅक्ट. दाबलेल्या हवेवर चालणारं, ४.५ मिमीचं, १० मीटर स्पर्धेचं. दोन हंगामांच्या तुरीचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले होते. आखूडच घ्यायचं हे आधीच ठरलं होतं. ओळखीच्या एका नेमबाजाचं पूर्ण लांबीचं पिस्तूल मी काही महिने वापरलं, त्यात चाळीसाव्या गोळीनंतर पुढचं वजन मनगट खाली ओढायचं. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असतात, म्हणजे खरी परीक्षा शेवटच्या वीस गोळ्यांची. आखूड सिलेंडरमध्ये हवा कमी मावते, एका भरणीत गोळ्या कमी निघतात. ते मला चालतं.

घरी आणलं त्या संध्याकाळी काकाजींनी ओट्यावरूनच विचारलं, ‘‘याच्यानं डुक्कर पडते का बाबू?’’ आमच्या वावरात रानडुकरांनी दरवर्षी तुरीची नासाडी केलेली, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. म्हटलं, ‘‘नाही काकाजी, हे फक्त कागदासाठी आहे.’’ अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं जातो, म्हणजे ऊर्जा भरते ६ ज्युलच्या आसपास. कायद्यातली परवान्याची सूट २० ज्युलपर्यंतची आहे. तरी दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांना बिल दाखवून आलो. लहान गावात शेजाऱ्यांच्या मनात शंका राहू नये.

रेंज म्हणजे आमची कापसाची खोली. कापूस विकला की दिवाळीपर्यंत रिकामीच असते, आणि लांबी १२ मीटर भरते. निशाणाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर घेतला. छर्रा अडवायला तिरका पत्रा लावलेली लोखंडी पेटी आहे. तिच्यामागे कुटाराची पोती रचणार होतो, पण शिशाचा एखादा तुकडा कुटारात गेला आणि ढोरांच्या पोटात गेला तर विषच. म्हणून रेतीची पोती लावली. खोली झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची आणि नंतर साबणानं हात धुवायचे, हा घरातला नियम केला आहे.

आता ग्रिप, म्हणजे पिस्तूल धरायची लाकडी मूठ. दोन महिन्यांतला निम्म्याहून जास्त वेळ हिनंच घेतला आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. नवीन पिस्तूल आलं की लोक आधी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवायला घेतात. मी म्हणेन, हात बसेपर्यंत साइटच्या स्क्रूला हातच लावू नका. माझी तपासणी अशी : डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, निशाणावर आणायचं, डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेच्या बरोबर मधे दिसली पाहिजे. पहिल्या दिवशी दहापैकी दोनदाच दिसली, बाकी वेळा डावीकडे.

ग्रिपवर खडूची बारीक पूड फासली, पिस्तूल अर्धा मिनिट धरलं आणि सोडलं. जिथे तळवा टेकत होता तिथली पूड निघून अक्रोडाचं तपकिरी लाकूड दिसायला लागलं. अंगठ्याच्या मुळाखाली मात्र रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका तसाच. तिथे पोकळी होती. एम-सील कालवून त्या जागी भरलं, वर पातळ प्लास्टिक ठेवून हातानं दाबून धरलं. हे केलं दुपारी तीन वाजता, मे महिन्यात, हात घामानं फुगलेला असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रिप सैल लागली. सगळं घासून काढावं लागलं. दुसऱ्यांदा सकाळी सात वाजता भरलं, १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलं, मग २२० नंबरच्या. तळहाताखालची फळी आणि ग्रिप यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, म्हणून प्रत्येक वेळी काटकोनी लावून पाहिला. आता दहापैकी आठदा साइट मधे येते.

स्पर्धेच्या नियमानं ट्रिगरला न सुटता किमान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं. किराणा दुकानातल्या अर्धा किलोच्या मापाला तार जोडली की तारेचं वजन वाढतं. म्हणून प्लास्टिकची छोटी बरणी घेतली, तारेचा आकडा लावला आणि सराफाच्या काट्यावर रेती घालत घालत बरोबर ५०० ग्रॅम केलं. छर्रा न घालता, सिलेंडरमध्ये हवा भरलेली असताना नळी सरळ वर धरून बरणी उचलली. पहिल्या दोन खेपांत सुटला. स्क्रू पाव फेरा घट्ट केल्यावर सलग दहा वेळा पेलला.

नळी रिकामी आहे हे दाखवणारी सुरक्षेची दोरी विकत घेतली नाही. गवत कापायच्या मशीनची नारिंगी नायलॉन दोरी नळीत सहज जाते आणि दोन्ही टोकांनी बाहेर दिसते. हवा हातपंपानं भरतो. जुलैच्या दमट हवेत पंपात पाणी साचतं, म्हणून ओल टिपणारे सिलिकाचे दाणे दर आठवड्याला तव्यावर मंद आचेवर वाळवून घेतो. सांध्यांना फक्त सिलिकॉन ग्रीस. साधं तेल दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं, ते जवळही आणायचं नाही. भरलेलं सिलेंडर उन्हातल्या गाडीत ठेवायचं नाही.

छर्ऱ्यांच्या ५०० च्या डब्यात ११ छर्ऱ्यांची कड चेपलेली निघाली, ती वेगळी केली. टेकू देऊन पाच-पाच गोळ्या मारल्या, तर ४.४९ मिमी डोक्याचे छर्रे ४.५० मिमीच्यापेक्षा जास्त जवळ बसले. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. पाचही भोकं त्यात मावली.

काल रात्री पहिल्यांदा पूर्ण ६० गोळ्या मारल्या : ६०० पैकी ५३१ गुण. शेवटच्या वीसमध्ये सात गोळ्या उजवीकडे खाली गेल्या. थकल्यावर करंगळी आवळते आहे. उद्या सकाळी तिच्याखालचं लाकूड अर्धा मिमी घासतो.