सोळा रेघांचा हट्ट

चीनच्या शानतुंग प्रांतातलं तंगचौ हे लेथ आणि मिलिंग मशिनचं गाव. कोल्हापूरच्या एका कारखानदारांबरोबर मी दुभाषी म्हणून तिथे गेले होते. मिलिंग मशिन तयार, छिंगताव बंदरात जायचा कंटेनर दारात, आणि म्हातारे शीफू, म्हणजे तिथले मुख्य फिटर, तपासणीच्या कार्डावर सहीच करेनात. टेबल सरकवलं की डायल गेजचा काटा दोन 'स' हलत होता. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला तिथल्या वर्कशॉपमध्ये 'स' म्हणतात, म्हणजे रेशमाचा धागा.

"आमच्या कामाला चालतंय की," कारखानदार म्हणाले. मी तसं सांगितलं. शीफूंनी मान हलवली आणि टेबल उतरवायला सांगितलं. मॅनेजर वैतागला, "ता थाय ज्यांग ल!"

म्हणजे ते फारच 'ज्यांग' आहेत, हट्टी आहेत. हे मराठीत नेमकं कसं सांगायचं? 'ज्यांग' लिहिताना वर 'बळकट' आणि खाली 'बैल', एकूण सोळा रेघा. पण आपल्याकडे माणसाला बैल म्हटलं की त्याची अक्कल काढली जाते. ज्यांगचा बैल मठ्ठ नसतो, तो ओढला तरी वळत नाही एवढंच. मॅनेजर 'वानगू' म्हणाला असता तर ती सरळ निंदा होती; तो शब्द बुरसटलेल्या मताला लावतात, हटता न हटणाऱ्या आजारालाही. ज्यांग घरातला आहे. उलट बोलणाऱ्या पोराला आई म्हणते, 'ज्यांगच्वेइ' करू नकोस. त्यात राग असतो, तुच्छता नसते, आणि मला तेच पोचवायचं होतं.

"ते म्हणतायत, शीफू आता कुणाचं ऐकायचे नाहीत. एकदा धरलं की धरलं."

शीफू माझ्याकडे वळले. "यांना विचार, आज दोन स आहे, वर्षभर चालल्यावर किती होईल?"

कारखानदार गप्प झाले. मग म्हणाले, "कंटेनर उद्या भरा. थांबायचा खर्च माझ्याकडं."

दुपारभर आम्ही बघत होतो. निळा रंग लावलेली सरळपट्टी सॅडलवर, म्हणजे टेबलाखालच्या भागावर घासायची, उंचवट्यांवर ठिपके उमटतात, तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे, पुसायचं, पुन्हा घासायचं. हात थरथरत नव्हता. संध्याकाळी काटा एका 'स'च्या आत आला आणि सही झाली.

मॅनेजरने शीफूंना सिगारेट दिली. "लाव ज्यांगन्यू!" म्हातारा हट्टी बैल. शीफू खूश. हे मात्र मी शब्दशः सांगितलं, आणि ते का रागावले नाहीत तेही.

"माझ्याकडं असा एकच होता," कारखानदार म्हणाले, "गेल्या वर्षी रिटायर झाला."