सभापतींनी अडवलेले विधेयक

अमेरिकेच्या सिनेटने २७ जून २०१३ रोजी स्थलांतर सुधारणा विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले. प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी मात्र, आपल्याच रिपब्लिकन पक्षातील बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा नसल्यामुळे, ते मतदानाला घेतलेच नाही. घेतले असते तर डेमोक्रॅट्सच्या मतांवर ते बहुधा तरले असते, आणि माझ्या मते खरी धास्ती हीच होती. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत, स्थलांतर सुधारणेच्या कडव्या विरोधकाकडून पडले आणि उरलेसुरले अवसानही गळाले. रोजगाराधारित ग्रीन कार्डांवरील, प्रत्येक देशासाठीची ७ टक्क्यांची मर्यादा या विधेयकाने उठवली असती. ती कायम राहिल्याने पुण्याहून गेलेले कित्येक अभियंते आजही एच-१बी या तात्पुरत्या नोकरी-व्हिसाची मुदत वाढवून घेत, ग्रीन कार्डासाठी कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनमधील भारताच्या रकान्यातली तारीख दरमहा तपासत आहेत.