डर्टी पाइप आणि आमच्या लॅबमधली मशिन्स

मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. ७ मार्च २०२२ ला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधलं, म्हणजे तिच्या गाभ्यातलं, 'डर्टी पाइप' हे सुरक्षेतलं भगदाड जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी माहिती वाचतानाच पोटात गोळा आला. मशीनवर साधं लॉगिन असलेला कुणीही, जी फाइल त्याला फक्त वाचता येते तिच्यातलं बदलू शकत होता. पासवर्डची फाइल धरली की थेट रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार. आणि आमच्याकडे साधं लॉगिन प्रत्येक विद्यार्थ्याकडे असतं!

मॅक्स केलरमान या प्रोग्रामरला हे सापडलं ते लॉगच्या (सर्व्हरवरच्या नोंदींच्या) कॉम्प्रेस केलेल्या फाइली अधूनमधून खराब का होतात, याचा छडा लावताना. पाइप म्हणजे एका प्रोग्राममधून दुसऱ्याकडे डेटा नेणारी वाट. तिच्या बफरवरचा (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेवरचा) एक फ्लॅग, म्हणजे खूण, आधीच्या वापरातला तसाच राहून जायचा, आणि मग पाइपमध्ये लिहिलेलं फाइलच्या मेमरीतल्या प्रतीवर पडायचं. दुरुस्ती दोन ओळींची: दोन ठिकाणी फ्लॅग शून्य करायचा. किती महिने चिकाटीने त्याने हा माग काढला असेल! मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

आधी यादी केली. चूक कर्नल ५.८ पासूनची. आमचे दोन्ही सर्व्हर उबुंटू या लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीचे, कर्नल ५.४, म्हणजे सुरक्षित. लॅबमधल्या डेस्कटॉपवरही २०.०४ च, पण डेस्कटॉपला नवा कर्नल आपोआप मिळत जायचा. तिथे निघाला ५.१३.०-३०. उबुंटूचा दुरुस्त कर्नल होता ५.१३.०-३५. एकच उबुंटू असूनही निम्मं घर उघडं. म्हणून 'आमच्याकडे २०.०४ आहे' एवढ्या उत्तरावर कुणी थांबू नये, कर्नलचा आकडाच बघावा.

दिवसभर प्रॅक्टिकल्स होती, त्यामुळे दुरुस्त कर्नल बसवायचं काम संध्याकाळी सहानंतर काढलं. बहुतेक मशिन्सवर काहीच अडचण आली नाही. चार मशिन्सवर मात्र इन्स्टॉल अर्ध्यातच अडकलं: डिस्कवर जागा नाही. डिस्क तर अर्धी रिकामी! भरलं होतं ते वेगळं ठेवलेलं बूट पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग), जुन्या कर्नलांनी गच्च. चालू कर्नल आणि त्याच्या आधीचा एक ठेवून बाकीचे काढले, अडकलेलं इन्स्टॉल पूर्ण केलं. इथे घाई नडते. चालू कर्नलच काढला आणि नवा नीट बसला नाही, तर मशीन उठणारच नाही.

इन्स्टॉल झालं तरी मेमरीत जुनाच कर्नल चालू असतो, रीस्टार्ट होईपर्यंत भगदाड तसंच. म्हणून रीस्टार्ट करून प्रत्येक मशीनवर 'यूनेम' या कमांडने कर्नलचा आकडा पाहिला आणि वहीत टिकमार्क केला. खिडकीजवळच्या एका मशीनवर रीस्टार्टनंतरही ३०! पुन्हा रीस्टार्ट केलं, पुन्हा ३०. शेवटी ग्रबची, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामची, फाइल उघडली. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या त्रासापायी मीच फेब्रुवारीत तिथे जुना कर्नल ठरवून ठेवला होता. ती ओळ पूर्ववत केली, ग्रब अपडेट केलं. नव्या कर्नलवर ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागला, त्यात तासभर गेला.

शिपाईमामा किल्ल्या घेऊन दोनदा डोकावून गेले होते. "सर, झालं का?"

स्क्रीनवर ३५ दिसलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. वहीत शेवटची टिक केली आणि म्हटलं, "झालं मामा, लावा कुलूप."