सातवी चकती

जुलैत आमच्या लॅबमधलं पहिलं काम म्हणजे डिह्युमिडिफायरची बादली ओतणं. गोव्याच्या पावसात मायक्रोस्कोपच्या भिंगांना बुरशी धरते. एक महागडं ऑब्जेक्टिव्ह तसं गमावल्यापासून हे काम मी कुणावर सोडत नाही. त्या दिवशीही बादली ओतली, दिवा तापायला ठेवला आणि सिलिकॉनच्या चकत्यांची काच डार्क-फील्डखाली लावली.

ओळीत अकरा चकत्या. उंची सगळ्यांची 50 नॅनोमीटर, व्यास 250 पासून 350 पर्यंत दहा-दहाने वाढणारा. डार्क-फील्डमध्ये उजेड तिरका येतो आणि भिंगात शिरतो तो फक्त वस्तूवरून विखुरलेला, त्यामुळे काळ्याभोर पडद्यावर एकेक चकती रंगीत ठिपका होऊन दिसते. फक्त 640 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा उजेड सोडणारा फिल्टर सरकवला आणि सातवी गेली. सहावी-आठवी मंद, मधे काळोख.

आधी बुरशीच आठवली. मग वाटलं, नायट्रोजनने धूळ उडवताना मीच ती उडवली. शेजारी लेझर जुळवत बसलेल्या दादांना म्हटलं, "दादा, सातवी गेली."

मान वर न करता ते म्हणाले, "फिल्टर काढून बघ आधी."

काढला. सातवी जागच्या जागी. घातला, पुन्हा गायब. चार वेळा केलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, की जिच्यासाठी महिनाभर खपतेय ती ॲनापोल अवस्था, म्हणजे प्रकाश आत असूनही चकती बाहेरून जवळजवळ दिसेनाशी होते ती, हीच असू शकते. (2015 सालचा सिलिकॉन चकतीवरचा प्रयोग मला जवळजवळ पाठ होता, तरी संशय आधी बुरशीवर!)

चकतीत एक प्रवाह सरळ मागे-पुढे झुलतो. दुसरा मेदूवड्याच्या भोकातून जाऊन बाहेरून परत वळावा तसा फिरतो. दोघांचं बाहेर पडणारं प्रारण एकाच साच्याचं. जोर सारखा आणि कला उलटी (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) जुळली, की बाहेर दोघं एकमेकांना खोडून काढतात. प्रकाश आत मात्र भरलेला असतो.

डोळ्यांवर भरवसा नको म्हणून स्पेक्ट्रम घ्यायला बसले. दोनदा वीज गेली. दर वेळी दिवा स्थिर व्हायची वाट बघा. संध्याकाळपर्यंत पाच चकत्यांचे आलेख झाले. प्रत्येकात खड्डा होता, म्हणजे एका तरंगलांबीजवळ विखुरलेला उजेड घटलेला, आणि व्यास वाढला तसा तो लांब तरंगलांबीकडे सरकत होता. काचेवरचा डाग असा मापाप्रमाणे सरकत नाही.

खड्डा तळाला मात्र टेकला नव्हता. सरांना आलेख दाखवले. ते बराच वेळ सातवीचा तळ बघत बसले. "उरलेला उजेड चकतीच्या चुंबकीय प्रारणाचा असेल," मी म्हटलं.

"असेल. नाहीतर नुसत्या काचेचा. शेजारच्या रिकाम्या जागेचं मोजमाप घेतलंयस का?"

घेतलं होतं, पण वीज जायच्या आधीचं.

"मग उद्या परत. पहिलीपासून."